ऑडिटरसाहेब हवा काढतात

साताऱ्यातल्या आमच्या कॉलनीत एक वर्षाआड, एप्रिलच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेसातला खालून आवाज सुरू होतात.

"दाब!"

"दाबलं!"

"धर!"

"धरलंय!"

"धरून ठेव! मी सांगेपर्यंत सोडायचं नाही!"

जुने रहिवासी नुसती कूस बदलतात. पण मागच्या एका खेपेला वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या नर्सबाई हातमोजे घेऊन दोन-दोन पायऱ्या उतरत खाली धावल्या. त्यांचा काय समज झाला असेल ते मी सांगायला नको. खाली त्यांना दिसली जॅकवर तिरकी झालेली पांढरी मारुती, तिच्याखालून बाहेर आलेले लेंग्यातले दोन पाय आणि ड्रायव्हरच्या सीटवर अनवाणी बसलेला, घामाने निथळणारा मी.

"काही नाही हो बाई," मी म्हणालो, "हवा काढतोय."

बाई दोन पायऱ्या मागे सरकल्या.

लेंग्यातले पाय नानांचे. नाना सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. आयुष्यभर त्यांनी सोसायट्या, दूध संस्था आणि पतसंस्था यांची दप्तरं तपासली आणि दर संस्थेला अ, ब, क, ड यांपैकी एक वर्ग दिला. निवृत्त होऊन पंधराएक वर्षं झाली तरी वर्ग देण्याची सवय सुटलेली नाही. कॉलनीतला वाणी ब वर्गात आहे, पेपरवाला क, आणि केबलवाला ड वर्गात असून त्याच्यावर प्रशासक नेमावा असं नानांचं मत आहे. सहकारी संस्था अधिनियम १९६० त्यांना इतका पाठ आहे की घरातली भांडणंसुद्धा कलमावारी होतात. ८१ म्हणजे लेखापरीक्षण, ८२ म्हणजे दोष दुरुस्ती. आमटीत मीठ जास्त पडलं की नाना ताट पुढे सरकवून "ब्याऐंशी" एवढंच म्हणतात, आणि काकू न बोलता पातेल्यात पाणी घालतात.

गॅरेजच्या भाषेत 'ब्रेकची हवा काढणे' म्हणजे ब्रेकच्या नळ्यांमध्ये अडकलेली हवा बाहेर घालवणे. माणसांच्या भाषेत हवा काढणे म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. नानांनी नोकरीत असताना अनेक चेअरमनांची हवा काढली. आता ते गाडीची काढतात, आणि अधूनमधून माझी.

नानांसमोर 'ब्रेक ऑइल' हा शब्द काढू नये, हा पहिला नियम. सगळं जग ब्रेक ऑइल म्हणतं. दुकानदार म्हणतो, मेकॅनिक म्हणतो, मीही म्हणालो होतो. नाना चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "ऑइल? त्यात ऑइल टाकून बघ. आतले रबरी सील फुगून बसतील आणि ब्रेक धरून राहील जन्मभर. ते ऑइल नाही रे बाबा. फ्लुइड." तेव्हापासून मी फ्लुइड म्हणतो. दुकानात जाऊन फ्लुइड मागितलं की दुकानदार विचारतो, "म्हणजे ब्रेक ऑइल का?"

ते फ्लुइड, निदान आपल्या साध्या गाड्यांमध्ये असतं ते, ग्लायकॉल जातीचं असतं आणि त्याला पाण्याची ओढ असते. हवेतला ओलावा ते रबरी नळ्यांतून, झाकणाच्या फटीतून कणाकणाने ओढून घेत राहतं. आपण पेडल दाबतो, मास्टर सिलिंडर फ्लुइडला ढकलतो, फ्लुइड चारी चाकांवरच्या ब्रेकना ढकलतं, आणि गाडी थांबते ती केवळ एवढ्यामुळे की द्रव दबत नाही. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे पास्कल नावाचा फ्रेंच माणूस सतराव्या शतकात सांगून गेला. पण घाट उतरताना ब्रेक तापले, त्या उष्णतेने फ्लुइडमधल्या पाण्याची वाफ झाली, की वाफ मात्र दबते. मग पाय खाली जातो आणि गाडीही खाली जाते.

"श्रावणात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? तसं," नानांनी एकदा जेवताना समजावून सांगितलं.

"मग चार तांदूळ टाका त्यात," काकू म्हणाल्या. "मी बरणीत टाकते."

नानांकडे याला उत्तर नव्हतं. त्यांनी ती सूचना 'नोंद घेतली' म्हणून दप्तरी दाखल केली.

आकडे मात्र ते पाढ्यासारखे म्हणतात. डॉट तीन: कोरडं असताना उकळबिंदू २०५, ओलं झालं की १४०. डॉट चार: २३० आणि १५५. ओलं म्हणजे किती ओलं? ३.७ टक्के पाणी. शंभरात पावणेचारसुद्धा नाही, आणि पंचाहत्तर अंश गेले! "एवढ्याशा तफावतीने संस्था बुडते," नाना म्हणतात, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर कुठली संस्था असते ते त्यांचं त्यांना माहीत. डॉट म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याची आद्याक्षरं. स्वतः खात्यातला माणूस असल्यामुळे कुठल्याही देशाचं का असेना, खात्याचं नाव दिसलं की नानांना जरा हायसं वाटतं. पण त्या खात्यानेही एक घोळ घालून ठेवला आहे: डॉट पाच हे सिलिकोनचं, आणि पाच पॉइंट एक हे पुन्हा ग्लायकॉलचं. नाव सख्ख्या भावांचं आणि एकमेकांत मिसळलं तर चालत नाही. "क वर्ग," नाना म्हणाले. अमेरिकेला.

या सगळ्याचं मूळ पसरणी घाटात आहे. नाना आणि काकू पाचगणीहून वाईकडे उतरत होते. मे महिना, मागे काकूंच्या माहेरची तीन माणसं आणि स्ट्रॉबेरीच्या जॅमचे दोन खोके. पुढे एक ट्रक, त्यामुळे नाना सतत ब्रेकवर पाय ठेवून. खाली धोमचं पाणी चमकत होतं ते बघा म्हणून काकू बोट दाखवत असताना नानांचा पाय भसकन आत गेला, लोण्यात गेल्यासारखा. पुन्हा मारला, थोडा लागला. पुन्हा मारला. मग दुसरा गिअर, हँडब्रेक, आणि डोंगराच्या बाजूला गाडी घासत घासत उभी. मागची तीन माणसं देवाचं नाव घेत उतरली. एकजण तर तिथून वाईपर्यंत चालतच आला म्हणतात. काकूंनी विचारलं, "जॅम फुटला का?"

खरा अपमान पुढेच आहे. अर्ध्या तासाने ब्रेक थंड झाले, वाफेचं पुन्हा पाणी झालं आणि पेडल पूर्वीसारखं टणक. वाईच्या मेकॅनिकने दाबून पाहिलं, चार फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "काका, ब्रेक तर एक नंबर लागतोय." ऑडिटर माणसाला याहून वाईट काय असेल सांगा. डोळ्यांदेखत अफरातफर झाली आणि पंचनाम्याला गेलं तर तिजोरी पैन पै भरलेली!

घरी येऊन नानांनी सर्व्हिसिंगचं बिल काढलं. दोनच महिन्यांपूर्वीचं. त्यात छापील अक्षरांत होतं: ब्रेक ऑइल बदलले. गॅरेजचं नाव मी सांगत नाही. नानाही सांगत नाहीत, 'सदर संस्था' म्हणतात. सदर संस्थेत ते गेले तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "बदललंय की काका, बिलात लिहिलंय." हे वाक्य नानांनी तीस वर्षांत निदान तीन हजार वेळा ऐकलं असेल. ते काही न बोलता परत आले आणि पुढच्या सर्व्हिसिंगच्या आदल्या रात्री टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. चारही चाकांच्या मागे फ्लुइड बाहेर सोडायची जी बारीक निप्पलं असतात, त्या प्रत्येकावर त्यांनी काकूंच्या नेलपॉलिशची एकेक रेघ ओढली, अर्धी निप्पलवर, अर्धी त्याच्या बुडाखाली. निप्पल सूतभर जरी फिरलं तरी रेघ तुटणार.

दुसऱ्या दिवशी गाडी परत आली. बिलात ब्रेक ऑइल बदललेलं. टाकीत बघावं तर फ्लुइड नवंकोरं, मधासारखं. आणि खाली चारही निप्पलांची लाली जशीच्या तशी.

म्हणजे काय केलं होतं, तर वरच्या टाकीतलं तेवढं शोषून काढून नवं भरलं होतं. नळ्यांतलं आणि चाकांपाशी साचलेलं जुनं, काळं, पाणी प्यायलेलं तसंच. "बंडलात वरची नोट खरी, आत वर्तमानपत्र," नाना म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, पण तो रागाने नव्हे. इतक्या वर्षांनी एक जातिवंत प्रकरण हाती लागल्याचा तो आनंद होता. त्यांनी सदर संस्थेला अकरा मुद्द्यांचा अहवाल पाठवला. संस्थेने उत्तरादाखल एक वेळ गाडी फुकट धुऊन देण्याची तयारी दाखवली. नानांनी ती 'असमाधानकारक' असा शेरा मारून परत केली, आणि त्या दिवसापासून ब्रेकचं खातं स्वतःकडे घेतलं.

नानांनी आजवर बँकेच्या पासबुकावर विश्वास ठेवलेला नाही, पंचांगावर ठेवलेला नाही, स्वतःच्या बीपीच्या यंत्रावर ठेवलेला नाही. दोन यंत्रं आहेत, एक दुसऱ्याला तपासतं. आणि अशा माणसाने जगातल्या सगळ्या कामांतून निवडलं कुठलं, तर जे एकट्याला करता येत नाही ते. गाडीखाली निप्पल उघडायला एक माणूस, आणि वर पेडलवर दुसऱ्याचा पाय. वरच्याने दाबून धरायचं, खालच्याने पाना फिरवून निप्पल उघडायचं, जुनं फ्लुइड नळीतून बाटलीत येतं, पेडल आत जातं. मग खालच्याने निप्पल आवळायचं आणि त्यानंतरच वरच्याने पाय उचलायचा. निप्पल उघडं असताना पाय उचलला गेला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. मग पुन्हा पहिल्यापासून. थोडक्यात, खाली झोपलेल्याला वरचा दिसत नाही आणि त्याची सगळी भिस्त असते ती एका अदृश्य पायावर.

सुरुवातीची बरीच वर्षं तो पाय काकूंचा होता. मग काकूंचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला, आणि नानांना भरती काढावी लागली.

पहिला उमेदवार जावई. लग्नानंतरचा पहिला पाडवा, जावईबापू सासुरवाडीला आलेले, पुण्यात चांगल्या कंपनीत संगणकावरचं काहीतरी. पुरणपोळी खाऊन जरा आडवं व्हावं म्हणत होते तोच नानांनी अत्यंत अदबीने त्यांना खाली नेलं. त्या दिवशी गाडीखालून जी वाक्यं ऐकू आली ती कॉलनीत अजून सांगितली जातात. "जावईबापू, जरा दाबावं! धरावं! अहो सोडू नका! एकवेळ काहीही करा, पण सोडू नका!" वरच्या गॅलरीत उभ्या असलेल्या नानांच्या मुलीने तोंडात पदर कोंबला. जावई पुढच्या पाडव्याला आले ते स्लिप डिस्कचा दाखला घेऊन.

मग रात्रपाळीचा वॉचमन झाला. तो पेडल दाबून झोपी जायचा. धरण्याच्या बाबतीत त्याच्याइतका भरवशाचा माणूस झाला नाही, पण उचलायला सांगितलं की उठवावं लागे.

मग मी.

माझी पहिली चूक व्याकरणाची होती. नाना खालून म्हणाले, "सोडतोय." म्हणजे ते निप्पल सोडत होते. मला ऐकू आलं "सोड." मी पाय उचलला. खालून पोटातून निघाल्यासारखा एक आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच आला नाही. एका 'तोय'ने घात केला. बाटलीतल्या नळीत बुडबुडा वर चढताना नानांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. ते सरपटत बाहेर आले, माझ्याकडे न बघता नोंदवहीत काहीतरी लिहिलं, आणि दहा मिनिटांनी एक कागद माझ्या हातात दिला. यापुढे 'सोड' हा शब्द दोन्ही पक्षांनी वापरायचा नाही. खालच्याने म्हणायचं 'उघडलं' आणि 'मिटलं'. वरच्याने पाय उचलण्याचा हुकूम फक्त 'उचल'. प्रत्येक हुकुमाची पोच द्यायची, आणि पोच मिळाल्याशिवाय पुढचा हुकूम निघणार नाही. खाली दोघांच्या सह्या.

तेव्हापासून आमचा कारभार व्हाउचरवर चालतो. चप्पल काढून बसायचं, कारण "पायाला कळलं पाहिजे". पेडलखाली काकूंच्या मोडक्या पाटाचा एक तुकडा ठेवलेला असतो. एरवी पेडल कधीच तळापर्यंत जात नाही, त्यामुळे मास्टर सिलिंडरच्या आत पुढच्या भागात गंज-कचरा साचलेला असू शकतो. जोराने तळापर्यंत दाबलं तर आतलं रबर तिथे घासून फाटायचं. ज्या चाकांचं काम नाही त्यांना उट्या. जॅक नुसता उचलण्यापुरता, गाडी बसते ती लोखंडी स्टँडवर, आणि स्टँडवर बसली की नाना तिला दोन्ही हातांनी ढकलून बघतात. विटा लावणाऱ्या माणसाशी त्यांनी एकदा सहा महिने अबोला धरला होता. निप्पलला लावायची नळी मेडिकलमधून आणलेली सलाईनची. गरम पाण्यात धरली की मऊ होऊन निप्पलवर घट्ट बसते. टाकीतलं जुनं फ्लुइड शोषून घ्यायला पन्नास मिलीची सिरिंज, तीही मेडिकलमधलीच. औषधवाल्याने काळजीने विचारलं होतं, "घरी कोण आजारी आहे, नाना?" नाना म्हणाले, "बाहेर, पार्किंगमध्ये."

सुरुवात नेहमी डाव्या मागच्या चाकापासून. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, म्हणून मास्टर सिलिंडरही उजवीकडे. त्याला सगळ्यांत लांबचं चाक ते पहिलं. मग उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. "वसुलीला निघालं की लांबच्या वाडीपासून सुरू करायचं, चावडीजवळचे कुठे जात नाहीत," हे त्यांचं स्पष्टीकरण. काही गाड्यांचे ब्रेक कर्णरेषेत जोडलेले असतात आणि त्यांच्या पुस्तकांत वेगळा क्रम दिलेला असतो, हे नानांना कोपऱ्यावरच्या एका पोरसवदा मेकॅनिकने दाखवलं. नाना घरी गेले, गाडीचं पुस्तक काढलं, दोन दिवस वाचलं, आणि तिसऱ्या दिवशी त्या मुलाला ब वर्ग दिला. माझ्या माहितीत गॅरेजवाल्याला मिळालेला हा सर्वोच्च वर्ग.

माझी दुसरी चूक पाण्याची. टाकीत नवं फ्लुइड ओतताना माझा हात हलला आणि घोटभर बाहेर सांडलं, पुढच्या मडगार्डच्या रंगावर. नाना ओरडले, "पाणी! पाणी आण लवकर!" त्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता, वय लक्षात घेता मला निराळीच शंका आली. मी धावत वर गेलो, काकूंकडून माठातलं गार पाणी तांब्याभर घेतलं, त्यावर फुलपात्र उपडं घातलं आणि आणून त्यांच्या तोंडाला लावलं. नानांनी फुलपात्र भिरकावलं, तांब्या हिसकावला आणि सगळाच्या सगळा मडगार्डवर ओतला. हे फ्लुइड रंग खातं आणि पाण्याने धुतलं जातं, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. तरी उशीर झाला होता. रुपयाएवढा रंग सुरकुतला, सायीसारखा. तो डाग अजून आहे. नानांनी त्याच्याभोवती खडूने वर्तुळ काढून तारीख घातली होती, पावसाने पुसली. मला क वर्ग मिळाला तो त्या दिवशी.

काम संपलं की हिशेब. नोंदवहीला रकाने आहेत: तारीख, किलोमीटर, जुन्याचा रंग, जमा, नावे, तफावत. रंगाला चहाची मापं. 'दुधाशिवाय चहा', 'एसटी कँटीन', आणि एकदा नुसतंच 'अरेरे'. मागे एकदा ६०० मिली ओतलं आणि बाटलीत ५७० आलं. टाकीची पातळी कामाच्या आधी खूण करून ठेवलेली, तीच कायम. तीस मिली कुठे गेलं? चाकांमागे कुठे गळती नाही, जमिनीवर थेंब नाही, नळीत उरलेलं मोजलं, सिरिंजेतलं मोजलं, फडकं पिळून पाहिलं. काकू म्हणाल्या, "उडालं असेल." नाना म्हणाले, "उडालं असा शेरा मी कुणाला मारू दिलेला नाही." रात्री साडेअकराला आमची बेल वाजली. दारात नाना, हातात टॉर्च. "मघाशी तू कुठल्या कपड्यांत होतास?" माझ्या विजारीच्या मांडीवर चिकट ओघळ होता. नानांनी तो बघितला, मनाशी काही अंदाज केला आणि "पंचवीस धरू" म्हणून निघून गेले. उरलेले पाच मिली अजून अनामत खात्यात आहेत.

जुन्या फ्लुइडचे नमुने ते काचेच्या बाटल्यांतून कपाटात कुलूपबंद ठेवतात, प्रत्येकावर साल आणि लाल अक्षरांत 'विष', कारण ते खरंच विष आहे. शेजारी तुलनेसाठी नव्या फ्लुइडची एक सीलबंद बाटली. एकदा मुंबईचे पाहुणे त्या सोनेरी बाटलीकडे बोट दाखवून म्हणाले, "महाबळेश्वरचा मध का? काय भाव पडला?" नानांनी त्यांना दीड तास खरा भाव सांगितला. त्यात हेही आलं की १९२१ च्या सुमारास अमेरिकेत चारी चाकांना असे ब्रेक लावलेली ड्यूसेनबर्ग नावाची गाडी निघाली, आणि त्या जुन्या जमान्यात ब्रेकमध्ये घालायला एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रणही वापरत.

"एरंडेल?" काकू आतून म्हणाल्या. "थांबायला?"

काकूंबद्दल मी पुरेसं सांगितलं नाही. त्या गाडी शिकलेल्या नाहीत. त्यांना गाडी चालवता येत नाही, थांबवता येते. मी या कॉलनीत राहायला आलो तेव्हा त्यांचाच पाय चालू होता आणि ते दृश्य मी दोनदा पाहिलं आहे. काकू ड्रायव्हरच्या सीटवर मांडीवर परात घेऊन बसलेल्या, परातीत गवार. दोन्ही हातांनी शेंगांची टोकं मोडून शिरा ओढताहेत, आणि खाली उजवा पाय आपल्या आपण वरखाली होतोय. हुकूम नाहीत, पोच नाही. पान्याचा आवाज झाला की पाय खाली सरकायचा, दुसऱ्यांदा झाला की वर यायचा. मधेच काकू शेजारणीशी बोलायच्या, भाजीवाल्याला थांबवून भाव करायच्या. भाव करताना पाय दाबूनच धरलेला असायचा, आणि खाली नाना निवांत. चार चाकं आणि अर्धा किलो गवार बरोबर एकाच वेळी संपायची. नानांच्या त्या वर्षांच्या नोंदवहीत तफावतीच्या रकान्यात एकही आकडा नाही. काकूंना वर्ग मात्र कधी दिलेला दिसला नाही. मी एकदा विचारलं तर नाना म्हणाले, "ते दप्तर माझ्याकडे तपासणीला नाही."

मागच्या वर्षी काकूंचा गुडघा बदलला. आणि या एप्रिलमध्ये, बहुधा माझ्या क वर्गाला कंटाळून, नानांनी एकट्याने हवा काढायची बाटली मागवली. नळीत एकाच दिशेने उघडणारी बारीक झडप. फ्लुइड बाहेर जातं, परत येत नाही. निप्पल उघडून ठेवायचं, स्वतःच वर येऊन पेडल मारायचं, पुन्हा खाली जाऊन बघायचं. दुसऱ्या माणसाची गरजच नाही. शिवाय फ्लुइडमधलं पाणी तपासायचं एक पेन, हिरवा, पिवळा, लाल दिवा लागणारं. ते पेन आलं त्या आठवड्यात नानांनी कॉलनीतल्या सगळ्या गाड्यांची झाकणं उघडली आणि दोघांशी संबंध बिघडवले.

रविवारी साडेसातला खालून काहीही ऐकू आलं नाही. नर्सबाई गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. नाना एकटेच गाडीत बसत होते, उतरत होते, सरपटत होते. साडेदहापर्यंत चारही चाकं झाली. पेन हिरवं. जमा आणि नावे जुळलेले, तफावत शून्य. नोंदवही बंद करायची तर शेवटी एक रकाना असतो: पडताळणी करणाऱ्याची सही. करणारा आणि पडताळणारा एकच माणूस असू नये, हे तर नानांनी उभ्या जिल्ह्याला शिकवलेलं.

मी पुढे झालो. "तू नको," नाना म्हणाले, आणि वर तोंड करून हाक मारली, "अगं, जरा येतेस का? सहीपुरती."

काकू काठी टेकत एकेक पायरी उतरत आल्या. सीटवर आडव्या बसल्या, हातांनी उचलून पाय आत घेतले आणि डाव्या पायाने एकदाच, अगदी सावकाश, पेडल दाबलं. धरलं. डोळे मिटले.

"मऊ आहे," त्या म्हणाल्या.

"पेन हिरवं आहे," नाना म्हणाले.

"असेल. पण मऊ आहे. डाव्या मागच्याला."

आता कुठल्या चाकात हवा आहे ते पेडलवर बसून कळत नाही. कुणालाच कळत नाही, हे मला नानांनीच शिकवलेलं आहे. मी नानांकडे पाहिलं. आता पुस्तक निघेल, कलम निघेल, निदान लेखी खुलासा तरी मागतील, असं मला वाटलं. नाना नोंदवहीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी टोपण काढलं, 'तफावत शून्य' खोडलं, त्यावर आद्याक्षरं केली, सतरंजीची घडी उलगडली आणि डाव्या मागच्या चाकाखाली आडवे झाले.

पान्याचा आवाज आला. काकूंचा पाय खाली गेला.

"अरे," त्या मला म्हणाल्या, "वर ओट्यावर गवार धुऊन ठेवलीये. परात तेवढी आण. याला वेळ लागणार."